डाख की डिंक ?

रेडिओ जोडण्याचा छंद असलेली मुले विचारतात, तापलेल्या कैय्याऐवजी वीजवाहक डिंक चालणार नाही काय ? चालेल, पण सर्वत्र नव्हे. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळून तांब्याशी एकजीव होतो. डिंकात तसे घडत नाही. इपॉक्सी आवळून सुकली म्हणजे तीतील चांदीचे चपटे कण एकमेकांना नुसते टेकतात, व त्या स्पर्शांतून वीज वाट काढते. म्हणून चांदीच्या डिंकाचाही विद्युत्‌रोध डाखाच्या साधारण दहापट असतो. ग्रॅफाइटच्या स्वस्त डिंकाचे तर विचारूच नका. प्लॅस्टिकवर छापलेली वाहक रेघ मात्र कैय्याने जळते. तेथे डिंकच खरा.

शिशाच्या धुराला भिऊन डिंक घेणाऱ्यांनो, कैय्याच्या उष्णतेने शिशाची वाफ होत नाही. ते बोटांवरून तोंडात जाते. नाकात जातो तो राळेचा धूर. त्याने दमा जडतो, हे डाखकाम करणाऱ्या कामगारांच्या छातीने सिद्ध केले आहे. युरोपने जुलै २००६ पासून अशा मालातील शिशावर निर्बंध घातले, धूर राहिलाच. आणि डिंक तरी निर्दोष कुठला ? न सुकलेली इपॉक्सी कातडीवर पुरळ आणते. तेव्हा डाख देताना धूर ओढणारा पंखा लावा, डिंक लावताना हातमोजे घाला, आणि हात धुतल्यावाचून भाकरीला शिवू नका.