कन्याकुमारीला नेमकं काय संपतं?

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय कन्याकुमारी. तुमच्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील. सहल, यात्रा, नाहीतर निवृत्तीनंतरची 'दक्षिण भारत दर्शन' बस. तेव्हा तिथे काय काय बघायचं याची यादी मी देणार नाही. तिथे उभं राहिल्यावर आपल्याला जे सांगितलं जातं, त्यातलं खरं काय, आणि खरं कळल्यावर ती जागा लहान होते की मोठी, एवढंच बोलणार आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. मी देवगडच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. एका वर्षी जानेवारीत नववीची सहल घेऊन कन्याकुमारीला गेलो. देवळामागच्या घाटावर मुलांना ओळीत उभं केलं आणि हात लांब करून सांगितलं, "हा डावीकडे बंगालचा उपसागर, हा उजवीकडे अरबी समुद्र, आणि हा समोर हिंदी महासागर. तिन्हींचे रंग वेगळे दिसतात, नीट बघा." सगळी मुलं माना डोलवायला लागली. एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, माका तर पाणी एकच दिसता." बंदरावरच्या घरातली मुलगी होती, वडील मासेमारीला जाणारे. मी तिला म्हटलं, "नीट बघ म्हणजे दिसेल." झालं, ती गप्प बसली.

आता मी जे सांगितलं ते तपासू या. समुद्रांच्या हद्दी ठरवायचं काम एक आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटना करते. तिने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत प्रत्येक समुद्राच्या सीमा शब्दांत लिहून ठेवल्या आहेत. त्या बघितल्या तर काय आढळतं? कन्याकुमारीच्या डावीकडे, उजवीकडे आणि समोर एकच समुद्र आहे. त्याचं नाव लक्षद्वीप समुद्र. त्याची हद्द कुठून सुरू होते तर आपल्या कारवारजवळच्या सदाशिवगडच्या दीपस्तंभापासून. तिथून ती रेघ लक्षद्वीप आणि मालदीवच्या पश्चिमेनं खाली जाते, मग श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला येऊन मिळते. त्या पुस्तिकेप्रमाणे बंगालचा उपसागर रामसेतूच्या आणि श्रीलंकेच्या पलीकडे सुरू होतो. म्हणजे माझं डाव्या हाताचं बोट चुकलं होतं, उजव्या हाताचंही चुकलं होतं.

मग रंग? रंग दिसतात, नाही असं नाही. पण ते पाण्याची खोली, तळाची वाळू, लाटांनी ढवळलेला गाळ, वरचं ढगाळ किंवा निरभ्र आकाश यांमुळे दिसतात. दुपारी दिसलेली रंगांची सीमा संध्याकाळी दुसरीकडे गेलेली असते. समुद्रांच्या हद्दी अशा सरकत नाहीत. त्या मुलीचं बरोबर होतं. ती आज कुठे ऐकत असेल तर तिला हे माझ्याकडून कळावं.

पण थांबा. "तीन समुद्रांचा संगम ही थाप आहे" असं म्हणून विषय संपवला तर आपण दुसरी चूक करू. कारण पाणी खरोखरच मिसळतं. फक्त ते रेघेवर मिसळत नाही, ऋतूप्रमाणे मिसळतं.

कसं ते सांगतो. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा मोठमोठ्या नद्या येतात. पाऊसही तिथे भरपूर. त्यामुळे तिथलं वरच्या थरातलं पाणी कमी खारट. अरबी समुद्रात त्या मानानं नद्यांचं पाणी थोडं आणि बाष्पीभवन जास्त, म्हणून ते पाणी जास्त खारट. अरबी समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३६ ग्रॅम क्षार असतात. उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर वरच्या थरात हाच आकडा ३० च्या आसपास, कधी त्याच्याही खाली येतो.

आता वारा उलटतो तसा आपल्याकडे समुद्रातला प्रवाहही उलटतो. जगात इतरत्र मोठे प्रवाह बहुधा वर्षभर एकाच दिशेनं वाहतात. आपल्या उत्तर हिंदी महासागरात ते वर्षातून दोनदा दिशा बदलतात. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उपसागरातलं कमी खारट पाणी भारताच्या पूर्व किनाऱ्यानं खाली येतं, श्रीलंकेला वळसा घालतं आणि अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात शिरतं. तिथून त्यातला काही भाग पश्चिम किनाऱ्याला धरून उत्तरेकडे चढतो. पावसाळ्यात गाडी उलटी. अरबी समुद्राचं खारट पाणी श्रीलंकेच्या दक्षिणेनं पूर्वेकडे उपसागरात जातं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या आपल्या शास्त्रज्ञांनी या प्रवाहांवर अनेक वर्षं काम केलं आहे. ही संस्था गोव्यात आहे, हे मुद्दाम सांगतो.

तेव्हा संगम आहे, पण तो घाटावरून बोटानं दाखवता येत नाही. तो काही शे किलोमीटरवर पसरलेला आहे आणि त्याला महिने लागतात. आम्ही जानेवारीत तिथे उभे होतो, तेव्हा गंगेच्या मुखाकडून निघालेलं थोडं पाणी त्या भागातून पश्चिमेकडे जात असेल. मुलांना हे सांगितलं असतं तर त्यांना जास्त मजा आली असती.

दुसरी गोष्ट सूर्याची. "एकाच जागेवरून सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही समुद्रात दिसतात." हे खरं आहे, पण बारा महिने नाही. सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवत नाही. उत्तरायण आणि दक्षिणायनात उगवण्याची आणि मावळण्याची जागा सरकत जाते. कन्याकुमारीपासून एक किनारा ईशान्येला जातो, दुसरा पश्चिमेला जाता जाता किंचित उत्तरेकडे झुकतो. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवतो आणि नैर्ऋत्येकडे मावळतो. दोन्ही बाजूंना उघडं पाणी, म्हणून दोन्ही दिसतं. मे-जूनमध्ये तो वायव्येकडे सरकतो आणि जमिनीआड मावळतो. ज्यांना जायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, आणि ऑक्टोबरनंतर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो हेही. जानेवारी-फेब्रुवारी बरे.

चैत्री पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच वेळी चंद्र उगवतो, याचंही तिथे फार कौतुक. पण हे प्रत्येक पौर्णिमेला, प्रत्येक गावात साधारण असंच घडतं. पौर्णिमा म्हणजेच सूर्य आणि चंद्र समोरासमोर. आपल्या गावात मध्ये डोंगर येतो, इमारती येतात. तिथे मध्ये काही येत नाही, एवढाच फरक. अर्थात एवढा फरकही पुरेसा आहे. दोन्ही क्षितिजं मोकळी असलेल्या जागा तरी किती असतात?

तिसरी गोष्ट वाळूची. देवीची कथा तुम्हाला माहीत असेल. कन्यादेवीचं लग्न शुचींद्रमच्या शिवाशी ठरलं होतं. मुहूर्त पहाटेचा. नारदानं कोंबड्याच्या आवाजात बांग दिली, मुहूर्त टळला असं समजून वरात परत फिरली. लग्नासाठी आणलेलं धान्य तसंच पडून राहिलं आणि त्याची वाळू झाली. म्हणून तिथली वाळू तांदळासारखी, डाळीसारखी, रंगीबेरंगी. ही देवी जुनी आहे बरं का. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी माहितीच्या पुस्तकातही या टोकाची नोंद आहे. इथे देवी स्नान करत असे म्हणून स्त्रीपुरुष व्रतस्थ राहायला आणि स्नानाला येतात, असं तो सांगतो.

वाळूचं भूशास्त्र असं: सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे खडक झिजतात, ओढे आणि नद्या तो चुरा समुद्रात आणतात आणि लाटा तो पाखडतात. सुपात धान्य पाखडतात तसंच. हलके कण वाहून जातात, जड मागे राहतात. काळा दिसतो तो इल्मेनाइट, लाल तो गार्नेट, पिवळट तपकिरी तो मोनाझाइट. या मोनाझाइटमध्ये थोरियम असतं. १९०९ साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते सापडलं आणि माग काढत तो कन्याकुमारीजवळच्या मनवलकुरिचीला पोचला. त्या काळी गॅसबत्तीच्या मॅंटलसाठी थोरियम लागायचं, आज अणुऊर्जेच्या संदर्भात त्याचं नाव येतं. कथेत न शिजलेलं धान्य, भूगोलात न वापरलेलं इंधन. म्हणून मी हल्ली मुलांना दोन्ही सांगतो. एक सांगितल्यानं दुसरं खोटं पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. "देशाचं शेवटचं टोक." मुख्य भूमीचं म्हणाल तर बरोबर. पण भारताचं दक्षिण टोक ग्रेट निकोबार बेटावरचा इंदिरा पॉइंट. अक्षांशात मोजलं तर कन्याकुमारीच्याही सुमारे १४५ किलोमीटर दक्षिणेला. आणि ते टोकही स्थिर नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात तिथली जमीन सुमारे सव्वाचार मीटर खचली आणि जमिनीवरचं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. त्याच भूकंपाची सुनामी काही तासांनी कन्याकुमारीला आली. विवेकानंद शिलास्मारकावर गेलेले शेकडो पर्यटक अडकले, त्यांची सुटका झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. आणि ती लाट टोकावर थांबली का? नाही. ती कोपरा वळून केरळच्या किनाऱ्यावर, कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाडपर्यंत गेली. 'इथे उपसागर संपला' हे लाटेला कुणी सांगितलं नव्हतं.

शिलास्मारकाचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९७० साली ते उभं राहिलं, त्यामागचे मुख्य कार्यकर्ते एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातले. सामान्य माणसांकडून एकेक रुपया गोळा करून त्यांनी त्या कामात देशभरच्या लोकांना सामील करून घेतलं. शेजारच्या खडकावर तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा २००० साली झाला. 'तिरुक्कुरळ'चे अध्याय १३३, म्हणून उंची १३३ फूट. २०२४ च्या अखेरीपासून दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूलही आहे. जरूर बघा. फक्त तिथून पाठ फिरवून किनाऱ्याकडेही एकदा बघा. तिथे होड्या दिसतील. त्या होड्यांनी मला शेवटचा धडा दिला, तो सांगून थांबतो.

३० नोव्हेंबर २०१७. ओखी नावाचं वादळ श्रीलंकेजवळ तयार झालं आणि कन्याकुमारीच्या दक्षिणेनं जाताना एका दिवसात जोरदार वाढलं. इशारा पोचेपर्यंत कितीतरी बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. पुष्कळ माणसं परत आली नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या देवगड बंदरात केरळ आणि तामिळनाडूकडच्या ६८ बोटी आसऱ्याला आल्या. ९५२ मच्छीमार. गाव जेवण, कपडे घेऊन बंदरावर गेलं, मीही गेलो.

एका बोटीवरचा तांडेल कन्याकुमारी जिल्ह्यातला निघाला. मोडकंतोडकं हिंदी येत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुमच्या गावाला मी येऊन गेलोय. देशाचं आखरी टोक." त्याला 'आखरी' काही कळेना. तो बोटं मोडत बंदरं सांगायला लागला. कोल्लम, कोची, मंगळूर, मालपे, गोवा, रत्नागिरी, वेरावळ. मग दुसऱ्या हातावर तुतुकुडी, रामेश्वरम, नागपट्टणम. दोन्ही हात पसरून मधे छातीवर हात ठेवला, आपलं गाव तिथे आहे म्हणून. त्याच्या भावाची बोट कुठे आहे, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. फोन लागत नव्हता. मी पुढे काही विचारलं नाही.

घरी येऊन नकाशा काढला. तीस वर्षं मी तो मुलांपुढे टांगत होतो, कन्याकुमारी कायम खाली, छडीच्या शेवटी. जमिनीवरून चालत जाणाऱ्याला ते टोकच आहे. पण किनाऱ्याच्या रेघेवर बोट फिरवलं तर कच्छपासून बंगालपर्यंतच्या त्या लांब रेघेत कन्याकुमारी जवळजवळ मध्यावर येते. नकाशा तोच होता. मी तो फक्त जमिनीच्या बाजूनं वाचत होतो.

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा फोटो काढा, देवीचं दर्शन घ्या, मूठभर रंगीत वाळू हातात घेऊन बघा आणि तिथेच ठेवा. बरोबर लहान मुलं असतील आणि त्यातलं एखादं म्हणालं की मला पाणी एकच दिसतंय, तर त्याला "नीट बघ" म्हणू नका. "काय दिसतंय ते सांग" म्हणा.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.