कालच्या कोडला उद्याची गाडी कळते

मराठीतलं ‘काढ’ हे क्रियापद घ्या. फोटो काढ, धार काढ, रांगोळी काढ, कर्ज काढ, सुट्टी काढ. सांगणारा दरवेळी ‘काढ’ एवढंच म्हणतो. हात कॅमेऱ्याकडे जायचा की गाईच्या कासेकडे, की बँकेच्या अर्जाकडे, हे आधीच्या नामाने ठरवून टाकलेलं असतं. ‘काढणे’ म्हणजे काय याची एकच व्याख्या करायला बसलात तर हात टेकाल. पण चार वर्षांचं पोरही यात चुकत नाही. जावा किंवा पायथन शिकणारी मुलं दिवसभर याच क्रमाने लिहितात: आधी वस्तू, मग टिंब, मग क्रिया. फोटो.काढ(). धार.काढ().

परीक्षेत याला पॉलीमॉर्फिझम म्हणतात आणि दोन ओळींची व्याख्या पाठ करून मार्क मिळतात. त्या दोन ओळींत खरी गंमत कुठेच येत नाही. ती अशी: काल लिहून पूर्ण झालेला कोड, त्याला बोटही न लावता, उद्या लिहिल्या जाणाऱ्या कोडला बरोबर हाक मारतो. तो कोड कोण लिहिणार, त्यात काय असणार, याचा कालच्या कोडला पत्ता नसतो. मला हे आजही थक्क करतं.

याची सुरुवात ऑस्लोत झाली. नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन न्यूगोर आणि ओले-योहान डाल १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा घडवत होते. कारखाना, बंदर, रहदारी यांचं चालतंबोलतं चित्र संगणकात उभं करायचं, हा तिचा मूळ उद्देश. दोघांच्या चर्चा इतक्या जोरदार चालत की १९६७ साली तिथे नव्याने आलेली एक व्यक्ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे धावली: वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसं भांडताहेत, काय करायचं? ऑपरेटरने क्षणभर कान देऊन ऐकलं आणि धीर दिला, काही नाही, ते दोघे सिम्युलावर बोलताहेत.

त्यांना अडवणाऱ्या उदाहरणांपैकी एक होतं पुलावरच्या टोलनाक्याचं. रांगेत ट्रक आहेत, बस आहेत. ट्रकला माल असतो, बसला प्रवासी. दोन्ही वेगळ्या गोष्टी, म्हणून दोन वेगळे क्लास. पण रांगेत उभं राहणं दोघांनाही सारखंच: माझ्या पुढे कोण, माझ्या मागे कोण. हे रांगेचं ज्ञान ट्रकसाठी एकदा आणि बससाठी पुन्हा का लिहायचं?

त्यांनी काढलेली तोड फार देखणी आहे. रांगेचं ज्ञान एका क्लासमध्ये लिहायचं आणि तो क्लास ट्रकच्या आणि बसच्या पुढे जोडायचा. सिम्युलात आईबापाचं, म्हणजे पुढे जोडलेल्या क्लासचं, नाव खरोखरच ‘क्लास’ या शब्दाच्या आधी लिहितात, उपसर्गासारखं. मेमरीतही तसंच चित्र डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला दोन कप्पे, ‘पुढचा’ आणि ‘मागचा’. त्यानंतर ट्रकच्या बाबतीत मालाचा कप्पा, बसच्या बाबतीत प्रवाशांचा. रांग हलवणाऱ्या कोडला पहिले दोन कप्पेच माहीत असतात आणि ते प्रत्येक वाहनात नेमक्या त्याच जागी सापडतात. मागे काय जोडलंय, त्याला विचारायचंही कारण नाही. आपण ज्याला इनहेरिटन्स म्हणतो, त्याचं हाडामांसाचं रूप हे असं आहे.

आता टोल. ट्रकचा हिशेब वजनावर, बसचा आसनांवर, असं धरू. जुन्या पद्धतीत कोड विचारत बसतो: ट्रक आहेस का? नाहीस? मग बस आहेस का? नवीन प्रकारचं वाहन आलं की असे प्रश्न जिथे जिथे विचारलेत, ती प्रत्येक जागा शोधून दुरुस्त करायची. एक जरी सुटली तरी हिशेब चुकला. डाल आणि न्यूगोर यांनी भाषेत ‘व्हर्च्युअल’ हा शब्द आणला. आईबापाचा क्लास एवढंच जाहीर करतो की टोल नावाची क्रिया असेल. ती कशी करायची ते मूल सांगेल.

यंत्रात हे कसं घडतं ते सी++ चे कंपायलर सर्रास वापरतात त्या पद्धतीवरून दिसतं. प्रत्येक क्लासचा एक तक्ता असतो. तक्त्यातलं पहिलं घर टोलचं, असं एकदा ठरलं की सगळ्या मुलांच्या तक्त्यात पहिलं घर टोलचंच. ट्रकच्या तक्त्यात त्या घरात ट्रकच्या टोलचा पत्ता, बसच्या तक्त्यात बसच्या टोलचा. आणि प्रत्येक वाहन आपल्या क्लासच्या तक्त्याचा पत्ता स्वतःजवळ बाळगून असतं. ६४ बिटांच्या यंत्रावर त्याला ८ बाइट लागतात. मग गाडी.टोल() म्हणजे काय? गाडीजवळचा पत्ता वाच, त्या तक्त्याकडे जा, पहिल्या घरात जे लिहिलंय तिथे उडी मार. बस, एवढंच. ‘काढ’ ऐकून पोराचा हात बरोबर ठिकाणी जातो, त्याला जोड म्हणून यंत्राजवळ आहे फक्त हा ८ बाइटांचा पत्ता.

पाठ्यपुस्तकं सहसा प्रायव्हेटपासून, म्हणजे माहिती झाकण्यापासून सुरुवात करतात. गंमत अशी की १९६७ च्या सिम्युलात ती सोयच नव्हती; पुढे १९७० च्या दशकात ती आली. क्लास, न्यू, धिस, व्हर्च्युअल हे शब्द मात्र तेव्हाच होते. ब्यार्न स्ट्रूस्ट्रप यांनी केंब्रिजमध्ये पीएचडी करताना सिम्युला वापरली आणि पुढे सी++ घडवताना ‘व्हर्च्युअल’ सोबत नेला. जावात तर तो लिहावाही लागत नाही, साध्या मेथड मुळातच तशा असतात. डाल आणि न्यूगोर यांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. दोघेही २००२ च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

शिकणाऱ्यांनी एक करून बघावं. वाहन, ट्रक, बस असे तीन क्लास लिहा. रांगेतल्या प्रत्येक गाडीला टोल विचारून बेरीज करणारी एक फाइल वेगळी ठेवा, चालवून बघा आणि ती बंद करा. आठवड्याने दुसऱ्या फाइलमध्ये ‘ई-रिक्षा’ लिहा, टोल शून्य, आणि तिला रांगेत उभी करा. बेरजेची फाइल उघडूही नका. प्रोग्रॅम पुन्हा चालवा आणि रिक्षाची पाळी येते तेव्हा काय होतं ते बघा.