तलावाकाठी दोन रात्री... व्हाया परंडा!

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. इनबॉक्समध्ये अजून सतरा मेल न वाचलेले. शेजारच्या क्युबिकलमधून नेहमीचा प्रश्न येतो, "वीकेंडला काय?" उत्तरही नेहमीचंच. पवना! तलावाकाठी तंबू, बार्बेक्यू, गिटारवर तीच ती चार गाणी आणि शेजारच्या तंबूत आपल्यापेक्षा मोठा स्पीकर. म्हणजे ऑफिसचं कँटीनच, फक्त डास जास्त.

या वेळी गाडी जरा उलट्या दिशेला वळवा. सोलापूर हायवे, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी आणि तिथून डावीकडे कुर्डुवाडीमार्गे परंडा. जिल्हा धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंतचा उस्मानाबाद. पुण्याहून अंतर साधारण दोनशे किलोमीटर. ड्रायव्हिंगचा कंटाळा असेल तर रेल्वेने कुर्डुवाडी गाठा आणि पुढे एसटी.

"दुष्काळी भागात तलावाकाठी कँपिंग? काहीही!" असं कुणीतरी म्हणणारच. त्याला नकाशा दाखवा. परंडा तालुक्याच्या कडेने सीना नदी वाहते, पलीकडे सोलापूर जिल्हा सुरू होतो. सीनेवर सीना-कोळेगावचं मोठं धरण आहे. शिवाय खासापुरी, चांदणी, साकत हे मध्यम प्रकल्प आहेतच. मोठं आभाळ, सपाट रान आणि मधोमध पसरलेलं पाणी. सह्याद्रीतल्या तलावांसारखे डोंगर मागे नाहीत, त्यामुळे फोटोत ते जरा साधं दिसतं. प्रत्यक्षात सूर्य मावळताना तिथे कुणी बोलत नाही.

तारीख पाणी ठरवतं

आपण ट्रिप कशी ठरवतो? आधी लाँग वीकेंड बघतो, मग जागा. इथे हा फंडा चालत नाही. या भागात जून-जुलै बऱ्याचदा कोरडेच जातात. तलाव भरलाच तर सप्टेंबरच्या परतीच्या पावसाने भरतो, आणि एखाद्या वर्षी भरतही नाही. मे महिन्यात गेलात तर काठ कुठच्या कुठे मागे सरकलेला असतो आणि 'लेक व्ह्यू'च्या जागी भेगाळलेला गाळ दिसतो.

मेच्या संध्याकाळी आणखी एक धोका असतो, वळवाचा. २१ मे २०२४ ला शेजारच्या उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. रोजची वाट होती ती, पिकनिक नव्हती. सप्टेंबरचंही तसंच. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की परंडा तालुक्यातल्या लोकांना बोटी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. ज्या नदीला आपण उन्हाळ्यात ओढा म्हणून हिणवतो, तीच ही नदी.

मग जायचं कधी? नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. पाणी काठाला असतं, रात्री स्वेटर लागतो आणि डिसेंबरच्या शेवटाकडे ज्वारीची कणसं दुधात येतात. म्हणजे हुरडा! गोवऱ्यांची आगटी, त्यात भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. बार्बेक्यूची आठवणही होणार नाही. (हुरडा चोळणारा हात अनुभवी हवा. नवशिक्याचे तळवे लाल होतात आणि प्लेटमध्ये निम्मा कोंडा येतो.)

केबिन कुठाय?

इथली केबिन म्हणजे शेतातली खोली. वर पत्रा, पुढे ओटा, बाजूला गोठा, दारात बाज. ती वेबसाइटवर मिळत नाही, माणसाकडून मिळते. आणि ते माणूस तुमच्याच मजल्यावर बसलेलं असतं! प्रत्येक ऑफिसात एक तरी बार्शीचा, करमाळ्याचा नाहीतर परंड्याचा असतो. दिवाळीनंतर डबाभर शेंगाचटणी आणतो तोच. त्याला गाठा. त्याचे कुणीतरी मामा पाण्याच्या जवळपास शेती करत असणार. फोन लावलात की मामांचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "किती जण येनार? आन् खायाचं काय करायचं?"

इथे लाजू नका. माणसं किती, व्हेज किती, नॉनव्हेज किती, मुली आहेत का, संडास-बाथरूमची सोय काय, हे सगळं फोनवरच विचारून घ्या. खोलीचे आणि जेवणाचे पैसेही आधीच ठरवा. मामा "राहू द्या वो" म्हणतील, तरी ठरवाच. मामी आठ जणांच्या भाकरी थापणार आहेत, त्यांच्यासाठी तो वीकेंड नाही. दारूचा बेत असेल तर तोही आधी विचारा आणि नकार आला तर तो विषय तिथेच संपवा.

शेतातली वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. त्यामुळे पॉवर बँक घ्या, आणि दोन दणकट टॉर्चही. रात्री बाजेखाली पाय टाकण्याआधी टॉर्च मारायची सवय लावा. घोणस आणि फुरसं या रानातच राहतात, पाहुणे आपण आहोत.

तो काठ मोकळा नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी ओसरलं की काठाला काळीभोर सपाट जमीन उघडी पडते. बघताक्षणी वाटतं, हीच तंबूची जागा! थांबा. ही गाळपेर जमीन. मालकी सरकारची असते आणि हंगामापुरती ती कसायला देतात, त्यात धरणग्रस्तांचा हक्क पहिला. म्हणजे ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, तीच माणसं पाणी मागे हटलं की तिथे हरभरा पेरतात. आपल्याला जो मोकळा किनारा वाटतो, तो कुणाच्या तरी घरचा वर्षाचा हिशोब असतो. तेव्हा गाडी तिथे घालू नका आणि क्रिकेटही नको. ओल्या गाळात गाडी रुतली तर ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, हा स्वार्थी मुद्दाही लक्षात ठेवा.

पोहायचं? माझं मत विचाराल तर नाहीच. गाळात पाय किती खोल जाईल ते वरून कळत नाही. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, त्यांच्या वायरी पाण्यातून गेलेल्या असतात आणि एखादा जोड उघडा असला तर जिवावर बेतू शकतं. मामा जिथे म्हणतील तिथे पाय बुडवून बसा.

आणि प्यायचं पाणी बरोबर न्या. वीस लिटरचे जार, माणसं मोजून. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी 'जलदूत' रेल्वे याच कुर्डुवाडीवरून गेली होती. त्या भागात जाऊन सकाळी मामांच्या टाकीखाली शॉवरसारखं अर्धा तास उभं राहणं शोभत नाही. एक बादली पुरते, खरंच.

शनिवारची दुपार रिकामी असेल तर परंड्याचा किल्ला बघा. भुईकोट आहे, त्यामुळे चढायची कटकट नाही. भोवती खंदक, आत बुरुज आणि तोफा. विजापूरची प्रसिद्ध 'मुलूख मैदान' तोफ आधी इथेच होती, १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. तेवढी अवजड तोफ तेव्हाच्या रस्त्यांवरून कशी नेली असेल, यावर परतीच्या गाडीत भांडायला भरपूर वाव आहे. सीनेकाठी डोमगावला कल्याणस्वामींचा मठही आहे. उरमोडीचं पाणी हंड्यांनी सज्जनगडावर वाहून नेणारे समर्थांचे शिष्य म्हणतात, ते हेच. तुम्ही गाडीतून जार उतरवताना कुरकुर करत असाल, तर मठात आधी जाऊन या.

येताना भिगवणला मासळीच्या थाळीसाठी थांबायला हरकत नाही. पण रविवारी दुपारी रांग असते, तेव्हा खोलीवरून अकराला निघा. कचरा पिशवीत भरून आपल्याच डिकीत टाका, गावात तो न्यायला घंटागाडी येत नाही.

आणि हो, पहिला फोन दसऱ्याच्या आसपास करा. तारीख नंतर. आधी फक्त एवढंच विचारा, "मामा, यंदा पाणी कुठवर आलंय?"