'थ्रेड-सेफ' म्हणजे नक्की काय सेफ?

संशोधनात एक वेळ अशी येते की एकच प्रयोग शंभर वेगवेगळ्या सेटिंग्जवर चालवायचा असतो. एकामागून एक चालवला तर फार वेळ जाणार, म्हणून आपण आठ थ्रेड सुरू करतो आणि प्रत्येकाला सांगतो: उत्तर आलं की याच फाइलमध्ये एक ओळ लिही. गडबड इथेच होते.

पायथॉनचं उदाहरण घेऊ. सातव्या रनची अचूकता ०.९१ आली, आठव्याची ०.८७. दोन्ही थ्रेड 'प्रिंट' वापरून फाइलमध्ये लिहितात. आपल्याला 'प्रिंट' हे एकच काम वाटतं, पण आत ते दोनदा लिहितं: आधी मजकूर, मग ओळ संपल्याची खूण. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा थ्रेड घुसला तर फाइलमध्ये असं दिसतं:

७,०.९१८,०.८७

आणि खाली एक रिकामी ओळ. वाचणारा कोड फक्त पहिले दोन रकाने घेत असेल, तर सातव्या रनची अचूकता ०.९१८ होते आणि आठवा रन गायब! एरर नाही, प्रोग्रॅम बंद पडत नाही, आणि आकडाही पटण्यासारखा. तो तसाच थीसिसच्या तक्त्यात जाऊन बसू शकतो.

'पण पायथॉनमध्ये जीआयएल असतो ना?' असतो. पण तो इंटरप्रिटरची आतली रचना सांभाळतो, तुमची ओळ नाही. लिहिण्याच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये तो दुसऱ्या थ्रेडकडे जाऊ शकतो.

इतर भाषांतही मुद्दा तोच आहे. सी मध्ये पॉझिक्सच्या नियमानुसार 'प्रिंटएफ'चा एक कॉल पूर्ण होईपर्यंत स्ट्रीम लॉक असतो. पण एक ओळ तीन कॉलमध्ये लिहिली, तर तिच्या मध्ये कुणीही येऊ शकतं. सी++११ पासून अनेक थ्रेडनी 'काउट' एकदम वापरलं, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये डेटा रेस होत नाही, मात्र अक्षरं एकमेकांत मिसळू शकतात. स्वतः उघडलेल्या फाइल स्ट्रीमला तर तेवढीही हमी नाही.

म्हणजे 'थ्रेड-सेफ' हा शब्द वाचला की लगेच विचारा: सेफ काय आहे? एक अक्षर, एक कॉल, की माझी संपूर्ण नोंद? लायब्ररी बहुतेक वेळा एका कॉलची हमी देते. आपल्याला हमी हवी असते ती नोंदीची.

मग करायचं काय? तीन मार्ग आहेत.

पहिला, लॉक. संपूर्ण नोंद लिहून होईपर्यंत तो धरून ठेवायचा. सगळ्या थ्रेडनी तोच लॉक वापरला पाहिजे. एकानेही टाळला तर उपयोग शून्य.

दुसरा, क्यू. सगळे थ्रेड उत्तरं रांगेत टाकतात आणि एकच थ्रेड फाइलमध्ये लिहितो. लिहिणारा एकच, त्यामुळे भांडण संपलं.

तिसरा, प्रत्येकाला वेगळी फाइल, आणि शेवटी सगळ्या एकत्र करायच्या. क्लस्टरवर काम करणार असाल तर हाच मार्ग सोपा. तिथे वेगवेगळे प्रोसेस असतात, आणि थ्रेडसाठीचा साधा लॉक प्रोसेसच्या बाहेर चालत नाही. शिवाय प्रत्येक प्रोसेसचा बफर वेगळा. तो भरला की ओळ अर्धवट असतानाही मजकूर फाइलकडे जाऊ शकतो. पायथॉनचं 'लॉगिंग' मॉड्यूलसुद्धा थ्रेडसाठी सुरक्षित आहे, पण अनेक प्रोसेसनी एकाच फाइलमध्ये लिहिण्यासाठी नाही.

'माझ्या लॅपटॉपवर तर नीट चाललं' हा पुरावा धरू नका. असा दोष वेळेच्या जुळणीवर अवलंबून असतो; शंभरदा चालेल, एकदा चुकेल. म्हणून वरीलपैकी कोणताही मार्ग निवडा, पण विश्लेषणाआधी दोन गोष्टी कोडकडून तपासून घ्या: जितके रन तितक्या ओळी आहेत का, आणि प्रत्येक ओळीत ठरलेले तितकेच रकाने आहेत का? वरची बिघडलेली ओळ दुसऱ्या चाचणीत लगेच पकडली गेली असती.