साडेआठ ते साडेपाच

अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रिन्सेनग्राख्त या कालव्याकाठी २६३ क्रमांकाची इमारत आहे. १९४३च्या उन्हाळ्यात तिथे एकाच छपराखाली दोन कामाचे दिवस चालत. खालचा दिवस उघड होता. गोदामात मसाले दळायचे, ऑफिसात जॅम घट्ट करणाऱ्या पेक्टिनच्या ऑर्डरी लिहायच्या. दुसरा दिवस मागच्या बाजूला, पुस्तकांच्या फिरत्या कपाटाआड, आठ ज्यू माणसांचा. जुलै १९४२मध्ये सोळा वर्षांच्या मार्गो फ्रँकला जर्मनीत कामासाठी हजर होण्याचा हुकूम आला आणि दुसऱ्याच दिवशी, ६ जुलैला, ऑटो आणि एडिथ फ्रँक आपल्या दोन मुलींना घेऊन इथे आले. आठवड्याने धंद्यातले सहकारी हेर्मान फान पेल्स, पत्नी आउगुस्टे आणि मुलगा पेटर आले. नोव्हेंबरात दंतवैद्य फ्रिट्झ फेफर आठवे. धाकट्या अ‍ॅनच्या रोजनिशीच्या छापील पुस्तकात फान पेल्स मंडळी ‘फान डान’ होतात आणि फेफर ‘डुसेल’. मी खरी नावं वापरतो.

यांचे स्वभाव आपल्याला कळतात ते अ‍ॅनकडून. म्हणजे तेरा ते पंधरा या वयातल्या, तल्लख आणि फटकळ मुलीकडून. तिची नजर चुकत नाही, पण ती दयामाया फारशी दाखवत नाही, आणि बाकीच्या सातांची बाजू मांडणारी वही आपल्याकडे नाही. म्हणून मी त्यांच्याकडे घड्याळ लावून बघतो. कोण चिडका, कोण आपमतलबी, कोण शांत, हे बरंचसं कुणाच्या वाट्याला कुठली खोली आणि कुठला तास आला यावर ठरत होतं.

पावणेसात

गजर वाजतो तो फान पेल्स दांपत्याच्या खोलीत. ती झोपायची खोली आहे, स्वयंपाकघर आहे आणि आठ जणांचं जेवणघरही. अ‍ॅनला आउगुस्टे भांडकुदळ, नखरेल, दुसऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबतील असं बोलणारी वाटते. असेलही. पण या बाईला रोज सकाळी सगळ्यांच्या आधी आपलं अंथरूण आवरावं लागतं, कारण त्याच जागी थोड्या वेळाने लोक पावाचे तुकडे मोडणार असतात. रात्री शेवटचा माणूस उठून गेल्याशिवाय तिला पाठ टेकता येत नाही. नवऱ्याशी भांडायचं तरी ते सगळ्यांच्या कानावर, आणि दोघं भांडतातही मोकळेपणी. मग तितक्याच मोकळेपणी गोड होतात.

खालच्या मजल्यावर न्हाणीघराची पाळी सुरू होते. आधी हेर्मान, मग फेफर, मग बाकीचे. चाळीत वाढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको. फेफर आत गेले की लवकर बाहेर येत नाहीत, हे सगळ्यांचं दुखणं.

साडेआठ

गोदामातले कामगार आले. इथून सगळं थांबतं. नळ सोडायचा नाही, संडासात पाणी ओतायचं नाही, बूट घालून चालायचं नाही. सांडपाण्याचा नळ भिंतीतून खाली जातो आणि खालच्यांना वर कुणी राहतं हे माहीत नाही. ऑफिसातली माणसं येईपर्यंतचा अर्धा तास सर्वांत नाजूक. ती आली की वरच्या पावलांचा आवाज त्यांच्या नावावर खपतो.

ऑफिसातल्या चौघांना सगळं ठाऊक आहे: योहानेस क्लाइमन, व्हिक्टर कूग्लर, मीप खीस आणि बेप. चौघांचे चार स्वभाव. क्लाइमन पोटाच्या व्रणाने बेजार, तरी वर आले की वातावरण हलकं करून जाणारे. कूग्लर गंभीर, डोक्यावरचं ओझं चेहऱ्यावर दिसणारे. मीप सायकलीवर भाजीच्या पिशव्या वाहणारी, कामाची. बेप विशीतली, दूध वर आणणारी, आणि मार्गोला लॅटिन शिकता यावं म्हणून टपालाचा अभ्यासक्रम स्वतःच्या नावावर मागवणारी. रेशनची कूपनं मीपचा नवरा यान प्रतिकार चळवळीतून मिळवतो. आठ जणांची भाजी रोज एकाच बाईने घेताना दुकानदाराला संशय येऊ नये, हे गणितही रोजचंच. जवळच्या लेलीग्राख्तवरचा भाजीवाला काही न विचारता जास्तीचं देई. मे १९४४मध्ये त्यालाही पकडून नेलं, कारण त्याच्या घरी दोन ज्यू लपलेले होते.

साडेदहा

अभ्यासाची वेळ. हा दिवसाचा सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत मुका भाग. ऑटो शब्दकोश शेजारी ठेवून डिकन्स वाचतात. एडिथही टपालाने इंग्रजी शिकते. मार्गो काय शिकत नाही असा प्रश्न पडावा. अ‍ॅन फ्रेंच, लघुलिपी, राजघराण्यांच्या वंशावळी. फेफर इंग्रजी, स्पॅनिश आणि डच, तिन्ही एकदम, आणि अ‍ॅनच्या मते तिन्हींत शून्य प्रगती. चौपन्न वर्षांचा माणूस स्पॅनिश शिकतो म्हणजे तो कुठल्या तरी दूरच्या देशाचा विचार करतो आहे, एवढं तिने लक्षात घ्यायला हरकत नव्हती.

पेटरला अभ्यासाचं वावडं. हात सुतारकामात चालतो, डोकं इंग्रजीत नाही. ऑटो त्याला शिकवत राहिले. पुढच्या वर्षी ४ ऑगस्ट १९४४ला, याच सुमाराला, ते पेटरच्या खोलीत इंग्रजीच घेत होते, तेव्हा पोलीस वर आले. त्यांचा म्होरक्या कार्ल झिल्बरबाउर याने ऑटोंची बॅग पैसे-दागिने भरण्यासाठी रिकामी केली. आतली कागदं जमिनीवर पडली. ती अ‍ॅनची होती. मीप आणि बेपने नंतर ती गोळा केली.

शिकवणीचं ते नातं आउशवित्झमध्येही टिकलं. तिथे पेटर ऑटोंकडे मुलासारखं बघत होता, मिळेल ते खायला आणून देत होता. जानेवारी १९४५मध्ये छावणी रिकामी करताना ऑटो आजाऱ्यांच्या बराकीत होते. त्यांनी पेटरला तिथेच लपून राहायला सांगितलं. तो धडधाकट होता, चालत जाऊन वाचू असं त्याला वाटलं, आणि तो निघाला. माउटहाउझेनला मे महिन्यात तो गेला. आठांपैकी ऑटो एकटे परतले.

साडेबारा

कामगार जेवायला घरी जातात आणि घर श्वास सोडतं. आउगुस्टे तिच्या एकुलत्या एका गालिच्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवते. पाऊण वाजता ऑफिसातली मंडळी वर येतात. एकला बीबीसी. खालचा मोठा रेडिओ या उन्हाळ्यात हुकमाप्रमाणे जमा करावा लागला, क्लाइमननी त्याच्या बदल्यात एक छोटा चोरून आणला. २५ जुलैला मुसोलिनी पडला, तेव्हा या खोलीत काय आनंद झाला असेल! पण बातमी एक आणि अर्थ आठ. हेर्मान राजकारणावर बोलू लागले की तोंडाचा पट्टा थांबत नाही. बायको विरुद्ध मत मांडणारच. ऑटो कुणालाच न दुखवता मधली वाट काढणार.

हेर्मानबद्दल एक सांगायला हवं. हा माणूस मसाल्यांचा जाणकार. सॉसेजच्या मसाल्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आदल्या डिसेंबरात मांस हाती लागलं तेव्हा त्याने कमरेला फडकं गुंडाळून सॉसेज केले, आणि त्या दिवसाच्या वर्णनात तो खूश आहे. एरवी सिगारेट संपली की सगळ्यांवर खेकसतो. पुढे ऑक्टोबरात पैशांची तंगी झाली, तेव्हा बायकोचा सशाच्या कातड्याचा जुना कोट ३२५ गिल्डरला विकला. तिला पैसे युद्धानंतरच्या कपड्यांसाठी ठेवायचे होते, त्याला घरखर्चाला हवे होते. त्यावरून जे रण माजलं ते खाली ऐकू गेलं नाही हे नशीब. धंद्यातल्या माणसाचा धंदा काढून घेतला आणि त्याला खुर्चीवर बसवून ठेवला, की तो असाच होतो.

बटाटे सोलताना हे सगळे एकत्र बसतात. कुणी रद्दी आणायची, कुणी सुऱ्या, कुणी पाण्याचं भांडं. फेफर भराभर खरवडतात आणि बाकीचे आपल्या पद्धतीने करतात की नाही यावर नजर ठेवतात. अ‍ॅनला तिची पद्धत चूक असल्याचं सांगतात. ती म्हणणार, मला असंच जमतं. ऑटोंच्या हातातला बटाटा मात्र एकही डाग न ठेवता बाहेर येतो. या माणसाला सगळं नीटच लागतं. मुली, हिशोब, भांडणातला समेट, बटाटा.

एडिथ आणि आउगुस्टेचं भांडण चादरी आणि बशांवरून. आउगुस्टेने सामायिक कपाटातून आपल्या तीन सोडून बाकी चादरी काढून घेतल्या. एडिथने आपल्याही काढल्या. वापरात बशा मात्र आउगुस्टेच्या, त्यामुळे तिचा जीव त्यांच्यात अडकलेला. वाचताना हसू येतं. पण घरदार, सामानसुमान सगळं मागे टाकून आलेल्या बाईकडे ‘माझं’ म्हणायला बशाच उरल्या असतील, तर ती बशा मोजणार नाही तर काय करणार?

अडीच ते चार

फेफर झोपतात. तेवढा वेळ दोघांच्या खोलीतलं टेबल अ‍ॅनला मिळतं. पण चारनंतर ते टेबलाशी बसतात, तेव्हा नाही. जुलैत तिने रीतसर विनंती केली: आठवड्यातून दोन दुपारी, चार ते साडेपाच, टेबल मला द्या. फेफरनी साफ नाही म्हटलं, तिचा अभ्यास म्हणजे पोरखेळ असल्यासारखं बोलले. ती वडिलांकडे गेली. ऑटोंनी फेफरशी बोलून टेबल मिळवून दिलं. त्यानंतर फेफरनी तिच्याशी अबोला धरला.

मला या टेबलापाशी थांबावंसं वाटतं. अ‍ॅन बरोबर होती, यात शंका नाही. त्याच लाकडावर तिने जे लिहिलं ते जग वाचतं आहे. पण त्या खोलीतला दुसरा माणूस बघा. बाकी सातही जण आपापल्या कुटुंबासह आहेत, हा एकटाच. मुलगा वेर्नर १९३८मध्ये इंग्लंडला पाठवलेला. सोबतीण शार्लोटे कालेटा याच शहरात राहते, पण ती ज्यू नाही. न्युरेंबर्गच्या कायद्यांमुळे जर्मनीत दोघांना लग्न करता आलं नाही. तो लपला आहे कुठे, हे तिला माहीत नाही. मीप दोघांची पत्रं आणते-नेते, पत्ता सांगत नाही. आणि हा गृहस्थ एका वाढत्या वयाच्या मुलीच्या खोलीत, तिच्या सिनेनटांच्या चित्रांनी सजवलेल्या भिंतीखाली झोपतो. त्याच्या येण्याने मार्गोला आईवडिलांच्या खोलीत जावं लागलं, हे ओझंही त्याच्याच डोक्यावर. दोन माणसांना एकच टेबल हवं होतं आणि दोघांनाही ते खरंच हवं होतं. तो डिसेंबर १९४४मध्ये नोयनगामे छावणीत मेला. पुस्तक आल्यावर त्यातलं त्याचं चित्र वाचून शार्लोटे फार दुखावली.

साडेपाच

बेप वर येते, कामगार गेले, दिवस सुटला. हेर्मान आणि पेटर खाली जातात, कुणी गरम पाणी काढतं, कुणी ऑफिसातलं टपाल चाळतं, मांजर मूशी मोकळं फिरतं. शनिवारी ग्रंथालयाची नवी पुस्तकं येतात, तेव्हा भांडणं दोन तास मागे पडतात. अंघोळीची तऱ्हा गमतीची. टब एक, जागा ज्याची त्याची वेगळी. ऑटोंना खालचं खासगी ऑफिस, एडिथला तिथल्या स्वयंपाकघरात पडद्याआड, हेर्मान मात्र गरम पाणी जिने चढवून वर नेणार, पण स्वतःच्याच खोलीत अंघोळ करणार. कुणाला किती उघडं पडायला आवडतं हे यातून जितकं कळतं तितकं भांडणातून कळत नाही.

माळ्यावर पेटरची वाट पुढच्या वसंतात अ‍ॅन धरू लागेल. त्या कथेबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी हात आखडता घेतो. मला त्यात मार्गो जास्त दिसते. बहिणीला ती पत्रातून कळवते की मला मत्सर वाटत नाही, फक्त माझ्याजवळही असं कुणी असतं तर बरं झालं असतं. मार्गोचीही रोजनिशी होती. ती सापडली नाही.

नऊ

पलंग ओढायचे, खुर्च्या जोडायच्या. अ‍ॅनचा दिवाण आखूड, म्हणून पायाशी खुर्च्या लावायच्या. शेजारच्या वेस्टरकेर्क चर्चचं घड्याळ दर पंधरा मिनिटांनी ठोके देई. अ‍ॅनला त्याचा आधार वाटे, बाकी फ्रँक मंडळींना मात्र त्याची सवयच होईना.

विमानविरोधी तोफा सुरू झाल्या की ती उठून वडिलांच्या अंथरुणात शिरते. त्याच खोलीत एडिथ जागी असते. एप्रिलमध्ये तिने मुलीसोबत प्रार्थना म्हणायची म्हटली, तेव्हा अ‍ॅनने नको म्हटलं, आणि एडिथ रडली. अ‍ॅनने आईबद्दल जे लिहिलं त्यातलं काही तिला स्वतःलाच १९४४च्या जानेवारीत वाचवेना, आणि पुस्तक छापताना ऑटोंनीही त्यातला काही भाग गाळला. पुढे बिर्केनाउला तिघी एकत्र होत्या. तिथून वाचून आलेल्या बायकांनी सांगितलं की आई आणि दोन्ही मुली एकमेकींना सोडत नव्हत्या. एडिथ तिथेच ६ जानेवारी १९४५ला गेली.