रक्ताचे नाते आणि गुणसूत्रांची साक्ष



कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून माणसे येतात. शिदोरी सोडता सोडता ‘मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न निघतोच. समजा, लातूरकडचा एक तरुण आणि बीदरकडची एक बाई अशीच बोलत बसली, आणि बाईचे माहेरचे आडनाव व तरुणाचे आडनाव एकच निघाले. तरुणाच्या आजोबांचा धाकटा भाऊ १९७२ च्या दुष्काळात घर सोडून गेला, तो परत आला नाही. बाईचे आजोबा त्याच सुमारास बीदरकडे येऊन राहिले. मागचे काही न सांगताच ते वारले. तरुणाचे आजोबा मात्र अजून हयात आहेत आणि भावाची वाट पाहणे त्यांनी सोडलेले नाही.

हल्ली अशा दोघांना थुंकीचा नमुना देऊन डीएनएची तपासणी करून घेता येते. दोघांच्या अहवालात ‘सामाईक खंड’ सापडले, की नाते सिद्ध झाले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे आहे काय, एवढाच आजचा विषय.

प्रथम खंड म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरची वाकळ डोळ्यांपुढे आणा. आजीच्या लुगड्याचा मोठा तुकडा आईच्या वाकळीत असतो. ती वाकळ उसवून मुलीने नवी शिवली, की त्याच तुकड्याचे लहान तुकडे होतात. गुणसूत्रांचेही असेच आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी गुणसूत्रांची जोडी आपल्यापाशी असते. पुढच्या पिढीला देताना या दोहोंत अदलाबदल होते आणि अखंड पट्टे तुटतात. म्हणून पूर्वज जितका जवळचा, तितका त्याच्याकडून आलेला खंड लांब. जितका दूरचा, तितका आखूड.

ही लांबी सेंटिमॉर्गन या मापाने मोजतात. फळमाशीवर प्रयोग करणाऱ्या टॉमस हंट मॉर्गन यांचे नाव या मापाला दिले ते जे. बी. एस. हाल्डेन यांनी. हे हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. हिशेबाची ढोबळ रीत सोपी आहे. एका माणसापासून वर समान पूर्वजापर्यंत आणि तेथून खाली दुसऱ्या माणसापर्यंत जितक्या पायऱ्या, तितक्यांनी १०० ला भागावे. म्हणजे खंडाची सरासरी लांबी येते. सख्ख्या भावांच्या नातवंडांत सहा पायऱ्या. म्हणजे सुमारे १७ सेंटिमॉर्गन. दहा पिढ्यांमागचा पूर्वज असेल तर वीस पायऱ्या आणि जेमतेम ५. सातापेक्षा लहान खंड तर पुष्कळदा योगायोगानेच जुळल्यासारखे दिसतात. त्यांवर भिस्त ठेवू नये.

एकूण वाट्याचाही अंदाज असतो. आईबाप आणि मूल यांत निम्मा, आजोबा-नातवात चौथा हिस्सा, सख्ख्या चुलत भावंडांत आठवा हिस्सा, आणि ज्यांचे आजोबा सख्खे भाऊ होते अशांत सरासरीने बत्तिसावा हिस्सा. परंतु ही सरासरी आहे. नाते जसे लांबते तसा चढउतार वाढतो. ज्यांचे पणजोबा सख्खे भाऊ होते अशा दर दहा जोड्यांपैकी एखादीत ओळखता येईल असा एकही खंड मिळत नाही. म्हणून खंड न सापडणे हा नाते नसल्याचा पुरावा नव्हे.

आता आपल्याकडची खरी अडचण सांगतो. हे सगळे गणित पूर्वजांची लग्ने परक्यांत झाली असे गृहीत धरते. आपली सोयरीक तशी होत आली आहे काय? इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिला. मामाची मुलगी करण्याची महाराष्ट्रातील रीत त्यांनी नोंदली, ती आपल्याला नवी नाही. जातीत, पोटजातीत, त्याच पंचवीस-तीस गावांत पिढ्यान्‌पिढ्या लग्ने झाली, की एकाच पूर्वजाचा वारसा चार वाटांनी खाली येतो. आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्या समाजातील माणसांमध्ये आपसांत सामाईक खंडांचे प्रमाण मोठे आढळले. ती सगळी एकमेकांची चुलत भावंडे आहेत म्हणून नव्हे, तर थोड्या मूळ कुटुंबांतून समाज वाढला आणि लग्ने आतच होत राहिली म्हणून. २०१७ साली दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादचे शास्त्रज्ञही त्यात होते. तेथेही पुष्कळ समाजांत हीच गोष्ट दिसली.

म्हणून केवळ बेरीज पाहून फसू नये. दोन अहवालांत ९० सेंटिमॉर्गन सामाईक आहेत असे धरा. एकात ती बेरीज तीन खंडांत, सर्वांत मोठा ४०. दुसऱ्यात अकरा खंडांत, सर्वांत मोठा १२. पहिल्यात अलीकडचा एक पूर्वज असण्याचा संभव अधिक. दुसऱ्यात बहुधा जुन्या सोयरिकींचा चुरा जमलेला आहे.

आणखी एक चकवा आहे. गुणसूत्राच्या एकाच जागी दोन माणसे आपल्याशी जुळली, तरी एक आईकडची आणि दुसरी बापाकडची असू शकते. म्हणून त्या दोघांचे त्याच जागी परस्परांशीही जुळते की नाही, हे पाहिले पाहिजे. आणि मामाची तपासणी झालेली असेल, तर कोणता खंड कोणत्या घरचा ते उलगडते.

मग आपल्या तरुणाने काय करावे? एक पिढी वर जावे. नाते खरे असेल, तर त्याचे वडील आणि बाईचे वडील सख्खे चुलत भाऊ ठरतात. त्यांच्यात सुमारे आठवा हिस्सा, म्हणजे साडेआठशे सेंटिमॉर्गनच्या आसपास, लांब खंडांत सामाईक निघाला पाहिजे. एवढा साठा नुसत्या जुन्या सोयरिकींनी जमत नाही. त्याच्या जोडीला कागद पाहावा: जमिनीचे जुने उतारे, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, हेळव्याने सांगितलेली वंशावळ. डीएनए नात्याची जवळीक सांगतो. नाव, गाव आणि साल कागदच सांगतो.

तपासणी करण्यापूर्वी दोन्ही घरची संमती घ्यावी; कारण न शोधलेली गोष्टही अहवालात निघते, आणि ती एकट्याची नसते. हे सारे होईपर्यंत म्हाताऱ्या आजोबांना ‘तुमच्या भावाचे घर सापडले’ असे सांगू नये. पन्नास वर्षे ज्याने वाट पाहिली त्याला आणखी दोन महिने थांबता येईल. पण चुकीची बातमी देऊन ती परत घेण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.