स्क्रू गेला, मिश्रणाचा प्रश्न मात्र कायम

रबाळे : कार्ब्युरेटरच्या गाडीचे मिश्रण बिघडले, की गॅरेजमध्ये स्क्रू-ड्रायव्हरने पाच मिनिटांत काम उरकत असे. स्क्रू पाव वेढा आत किंवा बाहेर, इंजिनाच्या आवाजाकडे कान, प्लगच्या रंगावर नजर आणि निदान पूर्ण! १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या पेट्रोल दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. समुद्रकिनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या चार चाकांच्या एटीव्ही, अर्थात क्वॉड बाइकमध्येही आता फ्युएल इंजेक्शन रुळले आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान गॅरेजांपुढे त्यामुळे नवाच पेच आहे. फिरवायला स्क्रूच उरलेला नाही, तक्रारी मात्र त्याच आहेत.

हे तंत्र तसे नवे नव्हे. बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह बाजारात आणली आणि २००९ मध्ये किंमत उतरवण्यासाठी तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटरवर नेली. बाजाराला तेव्हा नको असलेले तंत्र पुढे कायद्याने आणले, असे म्हणता येईल.

इंजेक्शनच्या गाडीत पंप साधारण तीन बार दाबाने पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोहोचवतो. इंजेक्टरची झडप किती मिलिसेकंद उघडी ठेवायची, हे ईसीयू हा छोटा संगणक ठरवतो. हवेचा दाब, तापमान, इंजिनाचा वेग आणि थ्रॉटल किती उघडा आहे, याची माहिती त्याला सेन्सर पुरवतात. म्हणूनच समुद्रसपाटीवरची गाडी महाबळेश्वरला नेली, जिथे हवा सुमारे बारा टक्क्यांनी विरळ असते, तरी इंधनाचे प्रमाण आपोआप कमी होते. कार्ब्युरेटरला हे जमत नसे.

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण 'रिच'. प्लग काळा पडतो, अॅव्हरेज घसरते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो. पेट्रोल कमी पडले तर 'लीन'. प्लग पांढरट होतो, गाडी धक्के देते, इंजिन तापते आणि जास्त भाराखाली पिस्टनही वितळू शकतो. यातले दुसरे दुखणे अधिक खर्चिक.

बीएस-६ दुचाकीच्या सायलेन्सरमधील ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाचा अंदाज ईसीयूला कळवत राहतो आणि चूक तिथल्या तिथे सुधारली जाते. अनेक क्वॉड बाइकमध्ये मात्र हा सेन्सरच नसतो. रस्त्यावर चालवण्यासाठी त्या बनलेल्या नसल्याने रस्त्यावरील वाहनांचे निकषही त्यांना सहसा लागू होत नाहीत. कारखान्यात भरलेल्या तक्त्यानुसार ईसीयू इंधन सोडतो. परिणाम तपासायला कोणी नसते.

इथे इथेनॉलचा मुद्दा येतो. २०२२ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने अशा पेट्रोलला सुमारे १३.५ भागच हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन अधिक सोडावे लागते. सेन्सर असलेली गाडी ही वाढ स्वतः करते. सेन्सर नसलेली, शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेली क्वॉड मात्र सुमारे आठ टक्के लीन चालते. दहा टक्के इथेनॉल गृहीत धरून बनलेली असेल, तर फरक साधारण चार टक्के. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. मऊ वाळूत, पहिल्या गिअरमध्ये, दोन माणसे घेऊन दिवसभर राबणाऱ्या इंजिनाला तो जाणवू लागतो.

यावर उपाय तीन. काही गाड्यांत निदान यंत्र जोडून सीओ पातळी बदलता येते, पण तिचा परिणाम मुख्यतः आयडलिंग आणि कमी वेगापुरताच. दुसरा, इंजेक्टर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसवायचा फ्युएल कंट्रोलर. तिसरा, ईसीयूमधील तक्ताच नव्याने भरणे. दुसरे-तिसरे काम वाइडबँड सेन्सरने प्रत्यक्ष मिश्रण मोजूनच करावे लागते. गाडीतला साधा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण रिच की लीन एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. कानाने ट्यूनिंग करणाऱ्याच्या हाती कंट्रोलर देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. रस्त्यावरच्या दुचाकीला तर हे उद्योग करूच नयेत. वॉरंटी आणि पीयूसी दोन्ही धोक्यात येतात.

मुळात मिश्रणाला हात लावण्याआधी बाकीचे तपासावे. वाळूने गच्च झालेला एअर फिल्टर, कमी पडलेला पंपाचा दाब, थ्रॉटल बॉडीवरची काजळी, इनटेकच्या रबरातील भेग, उतरलेली बॅटरी यांपैकी काहीही मिश्रण बिघडल्याचा आभास निर्माण करते. सायलेन्सरच्या जोडातून हवा आत येत असेल, तर सेन्सरही फसतो आणि नसलेला लीनपणा दाखवतो.

पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या क्वॉडचे दुखणे आणखी वेगळे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते; पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते आणि पंप सर्वांत आधी तेच खेचतो. हंगामाच्या सुरुवातीला गाडी सुरू होत नसेल, तर स्कॅनर जोडण्यापूर्वी टाकीतले जुने पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर ईसीयूचा काहीच दोष नाही.